एम.फार्मला कोणती ब्रांच घ्यावी? ॲसिडिटीच्या एका गोळीवरून समजून घ्या

बी.फार्मचं शेवटचं वर्ष आलं की हा प्रश्न हमखास येतो. सीनियर सांगतात, क्यूए घे, जॉब लवकर लागतो. एखादे सर म्हणतात, फार्मास्युटिक्सच घे. घरचे म्हणतात, कशाला ते, मेडिकल टाक. आणि बरेच जण शेवटी कॅप राउंडमध्ये मिळेल ती सीट घेऊन मोकळे होतात. पुढची दोन वर्षं, फी आणि पहिली नोकरी त्यावर ठरते.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अभ्यासक्रमात एम.फार्मच्या दहा शाखा आहेत. फार्मास्युटिकल ॲनालिसिस आणि क्वालिटी ॲशुरन्स यात नेमका फरक काय, हे नुसत्या नावांवरून कळत नाही. म्हणून एक खरी घटना घेऊ.

रॅनिटिडीनचं काय झालं होतं?

रॅनिटिडीन म्हणजे ॲसिडिटीवरची घरोघरी माहीत असलेली गोळी. सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं, की काही रॅनिटिडीन औषधांत एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली आहे. या घटकामुळे कॅन्सर होण्याची शक्यता मानली जाते. एप्रिल 2020 मध्ये एफडीएने ही सगळी औषधं बाजारातून काढायला सांगितली. भारतात 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतून रॅनिटिडीन वगळण्यात आलं.

आता या एका प्रकरणात कोणत्या शाखेच्या माणसाला काय काम पडतं, ते बघा.

सगळ्यात आधी ॲनालिसिस. सुरुवातीच्या काही चाचण्यांत एनडीएमए प्रचंड प्रमाणात दिसलं होतं. पण त्या पद्धतीत नमुना 130 अंशांपर्यंत तापवला जात होता आणि त्या उष्णतेनेच एनडीएमए तयार होत होतं! मग एफडीएने नमुना न तापवणारी लिक्विड क्रोमॅटोग्राफीची पद्धत वापरली. प्रमाण बरंच कमी निघालं, तरी अशुद्धी होतीच. मोजण्याची पद्धतच चुकली तर उत्तर चुकतं, हे ज्याला आधी सुचतं त्याच्यासाठी ही शाखा आहे. दिवस एचपीएलसीसमोर जातो आणि क्यूसी लॅबमध्ये अनेक ठिकाणी शिफ्टही असते.

ही अशुद्धी येते कुठून, हा फार्मास्युटिकल केमिस्ट्रीचा प्रश्न. इथे ती बाहेरून मिसळली एवढंच नव्हतं. साठवणीत, विशेषतः उष्णतेत, गोळीतलं प्रमाण वाढत होतं. मग गोळी टिकेल कशी, पॅकिंग कसं असावं, हे बघायला फार्मास्युटिक्सवाले. आर अँड डीमध्ये फॉर्म्युलेशनचं काम करायचं असेल तर हीच वाट.

शरीराला किती एनडीएमए चालेल, हा फार्माकॉलॉजीच्या वाटेवरचा प्रश्न. एफडीएने दिवसाला 96 नॅनोग्रॅम ही मर्यादा धरली होती. या शाखेत प्रबंधासाठी बऱ्याचदा उंदरांवर प्रयोग करावे लागतात. ते आपल्याला जमणार आहे का, हे ॲडमिशनआधीच स्वतःला विचारा. नंतर विचारणारे बरेच असतात.

क्वालिटी ॲशुरन्स म्हणजे टेस्टिंग नव्हे, इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. कोणत्या बॅच परत मागवायच्या, त्यांच्या नोंदी कुठे आहेत, चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे बघणं त्यांचं काम. म्हणजे दिवसभर कागद, ऑडिट आणि लोकांशी वाद. ज्याला लॅबमध्ये रमायचंय त्याने केवळ जॉबसाठी क्यूए घेतलं, तर कंटाळा ठरलेला. रेग्युलेटरी अफेअर्समध्येही लिखाणच, पण ते औषध नियामकांसाठी. इंग्रजी नीट असेल आणि नियम वाचायला आवडत असतील तर चांगली शाखा.

आणि रोज ही गोळी घेणाऱ्या पेशंटला आता दुसरं काय द्यायचं? हे फार्मसी प्रॅक्टिस. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, याच बाजूला येतं, पण तिथे फार्माकॉलॉजीवालेही जातात. पूर्णपणे हॉस्पिटलमध्येच काम करायचं असेल तर बी.फार्मनंतर तीन वर्षांचा फार्म.डी हाही पर्याय आहे.

राहिल्या इंडस्ट्रियल फार्मसी, बायोटेक्नॉलॉजी आणि फार्माकॉग्नोसी. पहिली प्रॉडक्शनकडे जाते, दुसरी लसी आणि जैविक औषधांकडे, तिसरी औषधी वनस्पतींकडे.

ठरवण्याआधी काय करायचं?

कॉलेज बघताना शाखेच्या नावाआधी तिथली यंत्रं बघा. ॲनालिसिसची शाखा आहे पण एचपीएलसी बंद आहे, असं असेल तर दोन वर्षं वाया जातील. मागच्या बॅचच्या दोघा-तिघांना फोन करा आणि पगार विचारण्याआधी 'दिवसभर काय करतोस?' हे विचारा. जीपॅट पास होऊन प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळू शकतं, त्यामुळे ती परीक्षा टाळू नका.

ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं म्हणून कोणती ब्रांच घेऊ, असंही बरेच जण विचारतात. त्या पदासाठी औषध नियमांत फार्मसीची पदवी चालते, एम.फार्मची अट नाही. जाहिरातीतली अनुभवाची अट मात्र नीट वाचा.