धूळ, केरसुणी आणि विजेचे यंत्र : एका अपेक्षाभंगाचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकांसाठी असलेल्या पानावर व्हॅक्यूम क्लीनरविषयी लिहिलेले पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु घरगुती वस्तूंचा इतिहास हा बहुतांशी शब्दांचा, आश्वासनांचा आणि श्रमांच्या वाटणीचा इतिहास असतो, आणि ही तिन्ही क्षेत्रे आपल्याला परकी नाहीत. मध्यमवर्गीय मराठी घरांत एक दृश्य अगदी परिचयाचे आहे. मोठ्या हौसेने आणलेला व्हॅक्यूम क्लीनर कपाटाच्या माथ्यावर किंवा माळ्यावर मूळ खोक्यात पडलेला असतो. दिवाळीच्या आधी तो एकदा खाली येतो, आणि बाकीचे वर्षभर घर झाडूवरच चालते. या अपेक्षाभंगाचा दोष आपण सहसा यंत्राला देतो, नाहीतर घरातल्या आळसाला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे यंत्र ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मले तो प्रश्न आणि आपल्या घरातला प्रश्न एकच आहे का, हे आपण कधी तपासलेच नाही.

आरंभ लंडनपासून करावा लागतो. १९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ काढणाऱ्या एका अमेरिकन यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवेचा झोत सोडून धूळ उडवीत असे. उडालेली धूळ आपोआप पेटीत जाऊन बसेल, असा त्याच्या निर्मात्याचा विश्वास होता. बूथला सुचले ते नेमके उलट: हवा फुंकण्याऐवजी ओढावी आणि वाटेत कापडाने गाळून घ्यावी. एका उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून आपण या कल्पनेची खातरजमा केली, असे तो पुढे सांगत असे. त्याने केलेले यंत्र घोड्यांनी ओढायच्या गाडीवर बसवलेले होते. पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी ती लाल गाडी रस्त्यात उभी राही आणि तिच्या लांबच लांब नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यात सोडल्या जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे याच यंत्राने साफ झाले.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. बूथने घरोघर यंत्र विकले नाही. त्याने विकली ती सेवा. यंत्र कंपनीचे, माणसे कंपनीची, बिघाडही कंपनीचाच. गृहस्थाने फक्त खिडकी उघडायची आणि दाम मोजायचे. यंत्र बंद पडण्याची किंवा माळ्यावर धूळ खात पडण्याची चिंता त्या व्यवस्थेत घरमालकाला नव्हती.

ती चिंता घरात आली अमेरिकेतून. ओहायो राज्यातील कँटन या गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा मनुष्य एका मोठ्या दुकानात झाडलोट करीत असे. त्याला दम्याचा विकार होता, आणि गालिचा झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बळावत असे. त्याने पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून एक यंत्र तयार केले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. हे पेटंट विकत घेणारे विल्यम हूवर चामड्याचा माल आणि घोड्यांचा साज बनवीत. मोटारगाड्या आल्यावर साजाला भवितव्य उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी वर्तमानपत्री जाहिरात देऊन दहा दिवस विनामूल्य वापरून पाहण्याची सवलत दिली, आणि पुढे दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांचे जाळे उभे केले. हे नाव इंग्लंडच्या बोलीत क्रियापद होऊन बसले.

शोधाचा उगम येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हे यंत्र एका सफाई कामगाराने स्वतःच्या छातीसाठी केले होते. जाहिरातींत मात्र तो कामगार कोठेच दिसत नाही. तेथे दिसते हसतमुख गृहिणी आणि तिला लाभणारा फावला वेळ.

तो फावला वेळ खरोखर लाभला का? या प्रश्नाचा शोध अमेरिकेतील स्त्री अभ्यासकांनी घेतला. जोआन वानेक यांनी १९७४ साली जुन्या आणि नव्या पाहण्यांची तुलना मांडली. नोकरी न करणारी गृहिणी १९२०च्या दशकाच्या मध्यास आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत असे. विजेची सारी उपकरणे आल्यानंतर, म्हणजे १९६०च्या दशकात, हा आकडा सुमारे ५५ तासांवर होता. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मधील 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात याची कारणमीमांसा केली. पूर्वी जड गालिचे वर्षातून एकदोनदा अंगणात नेऊन बडवले जात. ते काम पुरुष, मुले आणि नोकर मिळून करीत. यंत्र आले तसे हे सारे साहाय्यक बाजूला झाले, कारण आता ते काम 'सोपे' झाले होते. सोपे झालेले काम दर आठवड्याला होऊ लागले, आणि ते एकटीच्या वाट्याला आले. स्वच्छतेची पट्टी वर सरकली आणि वाचलेला वेळ तिनेच गिळला. कोवन यांत यंत्राला निरुपयोगी ठरवीत नाहीत. यंत्राने शरीराचे कष्ट खरोखरच हलके केले. हलके झालेले कष्ट कोणी करायचे, हे मात्र यंत्राने ठरवले नव्हते. ते घराने ठरवले.

अपेक्षाभंगाचा दुसरा प्रकार आकड्यांचा आहे. यंत्राच्या पोटात मोटर पंखा फिरवते, पंखा हवा बाहेर फेकतो, आतील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धुळीसह आत घुसते. धूळ पिशवीत अडकते आणि हवा पिशवीच्या छिद्रांतून निसटते. बारीक धुळीने ती छिद्रे बुजू लागली की पिशवी अर्धी रिकामी असतानाही ओढ मंदावते. आपल्या घरातील यंत्राची ही खोड १९७०च्या दशकाच्या अखेरीस जेम्स डायसन या इंग्रज रचनाकाराच्या लक्षात आली. लाकूड गिरणीत भुसा वेगळा करण्यासाठी हवेचा भोवरा वापरतात, ते तत्त्व त्याने घरगुती यंत्रात आणायचे ठरवले. ५,१२७ नमुने झाल्यावर यंत्र मनासारखे उतरले, असा त्याचा हिशेब आहे. त्याच्या स्वतःच्या नावाचे पहिले यंत्र १९९३ साली बाजारात आले.

दरम्यान बाजारात वॅटची चढाओढ सुरू होती. खोक्यावर जितके अधिक वॅट, तितके यंत्र 'ताकदवान'. वास्तविक वॅटचा तो आकडा यंत्र किती वीज खाते एवढेच सांगतो. किती धूळ उचलली जाते हे दाब, हवेचा प्रवाह आणि तोंडाची घडण यांवर अवलंबून असते. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून १६०० आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली, आणि २०१४ पासूनच ऊर्जेची लेबले सक्तीची केली. पण ही लेबले ठरवण्याची चाचणी धुळीचे पात्र रिकामे ठेवून होत असे! त्याविरुद्ध डायसनच्या कंपनीने दाद मागितली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने लेबलाचा तो नियम रद्द केला. रिकाम्या पोटी केलेली परीक्षा भरल्या घरात काय कामाची, हा त्या निकालाचा सरळ मराठी अर्थ.

आता आपल्या घरांकडे वळू. वर सांगितलेला सारा इतिहास गालिच्याचा आहे. थंड प्रदेशात जमीन गालिच्याने झाकतात, आणि त्यात रुतलेली धूळ झाडूने निघत नाही. मराठी घराची जमीन याहून वेगळी. ती आधी शेणाने सारवलेली, मग शहाबादी फरशीची, मग मोझेकची किंवा गुळगुळीत लादीची. या जमिनीचा केर काढतात आणि मग ती ओल्या फडक्याने पुसतात. केर काढण्याचे काम झाडू निमूटपणे करतो, आणि पुसण्याचे काम साधा व्हॅक्यूम क्लीनर करूच शकत नाही. यंत्राची अर्धी निकड इथल्या जमिनीनेच काढून घेतली होती.

उरलेली अर्धी निकड समाजव्यवस्थेने काढून घेतली. आपल्याकडे केर ही केवळ वस्तू नव्हे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मी म्हणतात, तिला पाय लागू देत नाहीत. शिंदीच्या पानांची ती केरसुणी वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. केरसुणी देव्हाऱ्याशेजारी गेली, ती वळणारे हात उंबऱ्याबाहेर राहिले. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांना आपल्या पावलांची धूळ पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात केला आहे. धूळ कोणाची आणि ती कोणी उचलायची, हा प्रश्न या भूमीत इतका जुना आणि इतका निर्दय आहे. गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) हाती खराटा घेतला आणि गावात शिरताच रस्ता झाडायला सुरुवात केली, तेव्हा ते या प्रश्नालाच हात घालत होते. ज्याला कीर्तनकार म्हणून नमस्कार करायचा, तोच आपला उकिरडा साफ करतो आहे, हे पाहणे गावाला सोपे गेले नसेल.

अशा समाजात १९८२ साली युरेका फोर्ब्स ही कंपनी स्थापन झाली. फोर्ब्स समूह आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांचा तो संयुक्त उद्योग होता. टाय लावलेले तरुण विक्रेते शहरांतल्या दारांच्या घंटा वाजवू लागले. प्रात्यक्षिकासाठी ते गादी किंवा सोफा निवडत आणि आतून निघालेली धूळ यजमानीणबाईंना दाखवीत. ते प्रात्यक्षिक खोटे नव्हते. गादीत धूळ होतीच. पण गादी रोज झाडली जात नाही आणि फरशी रोज झाडली जाते. यंत्र विकले गेले गादीच्या धुळीवर आणि घरात जोखले गेले फरशीवर. त्यातच आवाज मोठा, घर लहान, प्लग खोलीच्या भलत्याच कोपऱ्यात, जोडायच्या नळ्या अनेक. आणि सर्वांत मुख्य म्हणजे केर काढायला येणाऱ्या बाईंच्या हाती ते महागडे यंत्र द्यायला घर राजी नव्हते. ज्यांना ते वापरण्याची मुभा होती त्यांना केर काढायचा नव्हता, आणि ज्यांना केर काढायचा होता त्यांना मुभा नव्हती. या कात्रीतून यंत्राची वाट थेट माळ्याकडे गेली.

मग चांगला व्हॅक्यूम क्लीनर कसा निवडावा? या इतिहासातून काही व्यावहारिक कसोट्या हाती लागतात. पहिली कसोटी घराची. घरात गालिचे, गाद्या, जाड पडदे किंवा पुस्तकांची कपाटे नसतील, आणि धुळीची ॲलर्जी कोणालाच नसेल, तर चांगला झाडू आणि लांब दांड्याचे पोछे पुरेत. ग्रंथसंग्रह असणाऱ्यांना मात्र यंत्र खरोखर उपयोगी पडते. मऊ केसांचा ब्रश लावून आणि ओढ कमी करून पुस्तकांच्या माथ्यावरची धूळ न उडवता काढता येते, फडक्याने ती केवळ जागा बदलते. दुसरी कसोटी छातीची. बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत परत फेकणारे यंत्र झाडूपेक्षाही वाईट. ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळणीला हेपा म्हणतात, पण गाळणी उत्तम आणि भोवतालचे सांधे ढिले असतील तर हवा सांध्यांतून पळते. तेव्हा यंत्र चालू असताना मागे हात धरून पाहावे. धूळ ओतताना उडू नये अशी इच्छा असणाऱ्या दमेकऱ्यांना पिशवीचे यंत्रच बरे. पिशवीचा आवर्ती खर्च नको असणाऱ्यांनी भोवऱ्याचे घ्यावे आणि गाळणी नियमाने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. तिसरी कसोटी आयुष्याची. पिशव्या, गाळण्या, मोटरचे कार्बन ब्रश आणि बिनतारी यंत्र असल्यास बॅटरी हे सुटे भाग गावात मिळतात का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारावे. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, परंतु बॅटरी चिकटवून टाकलेल्या यंत्रापुढे हक्क असूनही कारागीर हतबल होतो.

चौथी कसोटी माहितीपत्रकात सापडत नाही. हे यंत्र रोज कोणाच्या हातात असणार? ते जिच्या हातात असणार तिला ते उचलता येते का, नळीचा दांडा तिच्या उंचीला पुरतो का, की तिला पुन्हा वाकावेच लागते? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला आणि घरकाम हे काम आहे, एवढे कागदावर मान्य झाले. धुळीत रोज चारपाच घरे वाकून काढणाऱ्या बाईंची कंबर आणि छाती हा खरेदीच्या वेळचा विषय व्हायला अजून अवकाश आहे. घरात मोलकरीण नसेल तर हाच प्रश्न घरातल्या माणसांनी एकमेकांना विचारावा, आणि उत्तर दर वेळी एकाच व्यक्तीचे नाव येत असेल तर यंत्र घेण्याआधी कामाची वाटणी बदलावी. वानेक यांनी मांडलेल्या ५५ तासांचे ओझे कोणत्याही वॅटच्या मोटरने उतरत नाही.

स्पँग्लरने कँटनच्या दुकानात जे यंत्र जोडले, ते झाडणाऱ्याच्या श्वासासाठी होते. माळ्यावरचे खोके खाली काढायचेच असेल, तर ते केर काढणाऱ्या बाईंच्या हाती द्यावे आणि यंत्र चालवून झाल्यावर त्यांचेच मत विचारावे. यंत्र चांगले की वाईट, हे त्यांना नेमके सांगता येईल.