राशिद रोव्हर
संयुक्त अरब अमिरातीची पहिली चांद्रगाडी. मोहम्मद बिन राशिद अंतराळ केंद्राने दुबईत बनवलेली ही सुमारे १० किग्रॅ. वजनाची चारचाकी गाडी ११ डिसेंबर २०२२ रोजी जपानच्या आयस्पेस कंपनीच्या हाकुतो-आर यानातून निघाली. २५ एप्रिल २०२३ रोजी ॲटलस विवरात उतरताना यान कोसळले. विवराची कड ओलांडताच खालची जमीन एकदम सुमारे ३ किमी. खोल गेली. रडार उंचीमापकाने ते अचूक टिपले. पण यानावरील संगणकप्रणालीने ते वाचन सदोष ठरवून बाजूला सारले. जमीन आलीच, या हिशेबाने यान प्रत्यक्षात ५ किमी. उंचीवर रेंगाळले आणि इंधन संपताच पडले. आराखडा पक्का झाल्यावर उतरण्याची जागा बदलली होती, हे विशेष. राशिदला चाक फिरवण्याची संधीच मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी दुबईने राशिद-२ ची घोषणा केली.