सूर्य उगवतो तिकडे

तुझे तळहात सोलवटलेत. न्यू लंडनचं बंदर सोडल्यापासून तू आणि तुझ्याच वयाची मुलंमुली दोरखंड ओढताहात, शिडं चढवताहात. तुला सोळावं लागलंय. दुपारी सुकाणूही काही वेळ तुझ्या हातात होतं, आणि अंधार पडल्यावर ध्रुवतारा कसा शोधायचा तेही तुला शिकवलं. दोन डोलकाठ्यांचं हे गलबत म्हणजे जुन्या ‘अमिस्ताड’ची प्रतिकृती. कनेटिकटमधल्या मिस्टिक सीपोर्टच्या गोदीतून ते 25 मार्च 2000 रोजी पाण्यात उतरलं. गुलामीचा इतिहास वर्गात बसून नव्हे, समुद्रावर समजून घ्यायचा, म्हणून तू इथे आली आहेस.

रात्रीच्या पहाऱ्यानंतर झोपायला शिडी उतरतेस. खाली तुझा बंक नाही. दिवाही नाही.

1 जुलै 1839. हे खरं ‘अमिस्ताड’ आहे, आणि ते क्यूबाच्या किनाऱ्याने चाललंय. पाय टाकशील तिथे माणूस लागतो, आणि माणसाच्या गळ्यात लोखंडी कडं. हवानात होजे रुईझने 49 पुरुष विकत घेतलेत, पेद्रो मोंतेसने चार मुलं. सगळ्यांना सिएरा लिओनच्या मुलखातून पकडून आणलंय. आफ्रिकेतून गुलाम आणायला स्पेनने 1820 पासून बंदी घातलेली आहे, म्हणून कागदांवर त्यांची नावं स्पॅनिश करून टाकली आहेत. जणू ही सगळी माणसं क्यूबातलीच.

मुलांना साखळी नाही. तू त्यांच्याजवळ बसतेस. तीन मुली आहेत, तेमे, काग्ने आणि मार्गरू. चौथा काले नावाचा मुलगा. मार्गरूची उंची जेमतेम सव्वाचार फूट. बापाने तिला कर्जापोटी गहाण ठेवलं होतं. काग्नेचंही तेच. तुला त्यांच्या मेंदे भाषेतला एक शब्द येत नाही. तू नुसता मार्गरूचा हात धरतेस, आणि ती तो सोडत नाही.

स्वयंपाक्याने दिवसा खाणाखुणा करून सांगितलंय की तुम्हाला कापून, शिजवून खाणार आहेत. सेंगबे पिए हा भातशेती करणारा माणूस. बायको आणि मुलं गावी आहेत. त्याच्या हाती एक खिळा लागलाय. पहाटेआधी कुलूप उघडल्याचा आवाज तुला ऐकू येतो, मग दुसरं, मग तिसरं. मालाच्या पेट्यांत ऊस तोडायचे कोयते आहेत. वर कप्तान फेरेर आणि स्वयंपाकी मारले जातात. तुला डोळे मिटावेसे वाटतील. मिटू नकोस. गळ्यात कडं असलेल्या माणसापुढे त्या रात्री दुसरी कुठली वाट होती, हे आधी स्वतःला विचार.

नंतरचे आठवडे मात्र त्या रात्रीपेक्षा जीवघेणे आहेत. मेंदे लोक समुद्रावरचे नव्हेत. घर सूर्य उगवतो त्या दिशेला, एवढं त्यांना पक्कं माहीत आहे. ते मोंतेसला सुकाणूवर उभा करतात आणि पूर्वेकडे बोट दाखवतात. दिवसा तो तिकडेच जातो, शिडं ढिली सोडून, हळूहळू. रात्री तू मान वर करतेस, तर ध्रुवतारा नाळेच्या बाजूला! तो गलबत उत्तरेला आणि पश्चिमेला वळवतोय. तुला फसवणूक स्पष्ट दिसते. पण सेंगबेला सांगायचं कोणत्या शब्दांत? तू आकाशाकडे हात करतेस. तो तुझ्याकडे बघतो आणि पुन्हा पूर्वेकडे बोट दाखवतो. पिंपातलं पाणी संपत आलंय. माणसं तहानेने, आजाराने मरताहेत.

26 ऑगस्टला लाँग आयलंडच्या टोकाजवळ अमेरिकी नौदलाचं ‘वॉशिंग्टन’ गलबत त्यांना पकडतं आणि न्यू लंडनला आणतं, ज्या बंदरातून तू निघालीस तिथेच.

ही माणसं गुलाम की मुक्त, हा प्रश्न कोर्टात जातो. न्यू हेवनच्या तुरुंगात त्यांना भेटायला येलचे प्राध्यापक जोसाया गिब्ज येतात. एक बोट वर करतात आणि थांबतात. मुलं सांगतात, ‘एता’. दोन बोटं, ‘फिली’. दहापर्यंत आकडे पाठ करून हा विद्वान माणूस न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर ते मोठ्याने म्हणत हिंडतो, कोणी ओळखील म्हणून. जेम्स कोव्ही नावाचा तरुण खलाशी ओळखतो. लहानपणी तोही पळवला गेलेला. आता कोर्टाला त्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावी लागते. सुप्रीम कोर्टात माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्यांची बाजू मांडतात, आणि 9 मार्च 1841 रोजी ते मुक्त ठरतात. नोव्हेंबरमध्ये उरलेले 35 जण ‘जंटलमन’ जहाजाने मायदेशी निघतात.

तू टाळ्या वाजवशील, पण जरा थांब. ते सुटले ते बेकायदा आणले गेले म्हणून. कप्तानाचा पोऱ्या अंतोनिओ कायद्याने गुलाम होता. त्याला क्यूबाला परत धाडायचं ठरलं, आणि त्याला कॅनडात पळून जावं लागलं. अमेरिकेतल्या सुमारे 25 लाख गुलामांना तर या निकालाने काहीच दिलं नाही. माझ्या मते मेंदे लोकांना कोर्टाने स्वातंत्र्य दिलं असं म्हणणं चूक आहे. ते त्यांनी खिळ्याने आणि कोयत्याने आधीच घेतलेलं होतं. ज्या कनेटिकटच्या तुरुंगात त्यांना डांबलं, त्या राज्याने स्वतःच्या हद्दीतली गुलामगिरी पूर्णपणे बंद केली ती 1848 साली.