अनुताप

अनुताप : ईश्वराला विसरून घालवलेल्या आयुष्याची किंवा हातून घडलेल्या दुष्कृत्याची मनाला लागणारी टोचणी आणि त्या टोचणीतून पुन्हा ईश्वराकडे वळणे. ‘अनु’ म्हणजे मागाहून, ‘ताप’ म्हणजे होरपळ. ‘पश्चात्ताप’ या शब्दाची घडणही अशीच आहे. व्यवहारात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात. संतवाङ्मयात मात्र अनुतापाला विरक्तीची छटा असते. पश्चात्तापात एखाद्या कृत्याची हळहळ वाटते, अनुतापात जगण्याच्या दिशेचाच वीट येतो.

अनुताप व प्रायश्चित्त : धर्मशास्त्राचा भर प्रायश्चित्तावर, म्हणजे दोष फेडण्यासाठी करायच्या विधीवर आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार व प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत; मनुस्मृतीचा अकरावा अध्यायही मुख्यतः याच विषयाचा आहे. पातकांची महापातक, उपपातक अशी प्रतवारी लावून त्यानुसार कृच्छ्र, चांद्रायण यांसारखी व्रते सांगितली आहेत. चांद्रायणात चंद्राच्या कलांप्रमाणे जेवणातले घास वाढवत व उतरवत नेतात. या विधींचा सविस्तर परामर्श पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (1953) घेतला आहे. तथापि स्मृतिकारांनी आतली बाजू वगळलेली नाही : आपला दोष उघड सांगणे, अनुताप आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ हा निश्चय यांनाही मनुस्मृती पापमुक्तीची साधने मानते.

मराठी भक्तिपरंपरा : संतांनी ही आतली बाजू पुढे आणली. वारकऱ्यांच्या दैवताची कथाच अनुतापाची आहे. आईवडिलांची हेळसांड करणारा पुंडलिक काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात उतरला. पहाटे तेथे गंगा, यमुना व सरस्वती मळक्या वस्त्रांनी येतात, झाडलोट करतात आणि निर्मळ होऊन जातात, असे त्याने पाहिले. ऋषींचे हे सामर्थ्य मातृपितृसेवेचे आहे असे कळताच तो ओशाळला व आईवडिलांच्या सेवेला लागला. पुढे देव दारी आला तेव्हा पुंडलिकाने सेवा न सोडता वीट पुढे केली. येथे परतणारा माणूस आधी घराकडे वळतो आणि देव त्याच्यामागे येतो.

गीतेच्या नवव्या अध्यायात दुराचारीही अनन्य भक्तीला लागला तर त्याला साधूच मानावे, असे सांगितले आहे. त्यावरील भाष्यात ज्ञानेश्वरांनी (ज्ञानेश्वरी, 1290) अनुतापालाच तीर्थ म्हटले. त्यात न्हालेल्याला निराळ्या क्षेत्राची गरज उरत नाही. एकनाथी भागवताच्या (1573) तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या कंजूष ब्राह्मणाची कथा आहे : धन गेल्यावर त्याला अनुताप होतो आणि तो भिक्षू होऊन लोकांची विटंबना शांतपणे सोसतो. दासबोधात बद्ध, मुमुक्षू, साधक व सिद्ध अशा चार पायऱ्या आहेत. त्यांतला मुमुक्षू आपल्या दोषांची यादी स्वतःच वाचतो; बद्धाकडून पुढे सरकण्याची खूण तीच. नामदेव आधी वाटमारी करीत, अशीही एक आख्यायिका आहे. अनेक अभ्यासक ती ग्राह्य मानत नाहीत.

इतर परंपरा : इस्लाममधील ‘तौबा’ या शब्दाचा मूळ अर्थच परतणे असा आहे. मराठीत तो ‘तोबा’ म्हणून रुळला. जैनांच्या प्रतिक्रमणात घडलेल्या दोषांचे नियमाने स्मरण करून मागे फिरायचे असते. ख्रिस्ती मराठी वाचकांना परिचित असलेला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानात आहे.

वर्धा परिसर : वर्धा जिल्ह्यातील गिरड येथील शेख फरीद या फकिराच्या टेकडीवर गोटे विखुरलेले आढळतात. त्यांची लोककथा ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांतही नोंदवलेली आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या नारळांसकट सगळ्या मालाचे दगड झाले. त्यांनी क्षमा मागितल्यावर फकिराने वाळक्या पाल्यापासून नवा माल करून दिला. व्यापारी मात्र माल घेऊन गेले नाहीत. ते कायमचे सेवेला राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच, असे मानतात.

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेपासून काही किलोमीटरवर, धाम नदीकाठी पवनार आहे. तेथे विनोबा भावे 1938 मध्ये राहायला आले. त्यापूर्वी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पापी म्हणून कोणाला कायमचे दूर सारू नये, हा नवव्या अध्यायाचा आशय पुढे चंबळच्या खोऱ्यात कसाला लागला. दरोडेखोर मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग याने तुरुंगातून विनोबांना पत्र लिहिले. मे 1960 मध्ये विनोबा त्या भागातून पायी फिरले आणि 20 दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. 1972 साली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने जौरा येथे मोहरसिंग, माधोसिंग व शेकडो साथीदारांनी हाच मार्ग धरला. शस्त्रे खाली ठेवल्याने गुन्हे पुसले गेले नाहीत. खटले चालले, अनेकांनी तुरुंगवास भोगला. पुंडलिकाची सेवा, गिरडच्या व्यापाऱ्यांचा मुक्काम आणि चंबळमधील शिक्षा यांत एक धागा समान आहे : वळण्याचा क्षण एकच असतो, पण त्याची साक्ष पुढचे आयुष्य देते.