जुना संगणक, जुन्या कॅसेट



भारतातून अमेरिकेत येताना आपल्यापैकी अनेकांनी बॅगेत चार-दोन घरगुती कॅसेट आणल्या. कुणाकडे आजीच्या ओव्या आहेत, तर कुणाकडे वडिलांचे पेटीवादन. या फिती दिवसेंदिवस खराब होत आहेत आणि त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. दुसरीकडे, बेसमेंटमध्ये एखादा जुना संगणक धूळ खात पडलेला असतो. ध्वनिमुद्रणासाठी तो पुरेसा आहे, हे आम्ही करून पाहिले आहे. त्याची ही थोडक्यात माहिती.

१. साफसफाई : प्लग काढून संगणक अंगणात न्या. दाबलेल्या हवेच्या डब्याने धूळ उडवा. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो. घड्याळ सारखे मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल बदला. तो बहुधा सीआर२०३२ असतो.

२. डिस्क : जुने फोटो आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. संगणक चपळ होतो आणि डिस्कची घरघर माइकमध्ये येत नाही.

३. प्रणाली : विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ती विनामूल्य आहे. रॅम ४ जीबी असली की काम नीट चालते. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी वापरा, तीही विनामूल्य आहे.

४. जोडणी : कॅसेट प्लेयरची वायर संगणकाच्या निळ्या लाइन-इनमध्ये लावा. गुलाबी भोक माइकचे असते. त्यात लावल्यास आवाज फाटतो. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. दोन चॅनेलसाठी जुने यूएसबी २.० पुरते.

५. मुद्रण : ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. एका तासाच्या स्टिरिओ वेव्ह फाइलला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. मूळ वेव्ह फाइल जपा, नातेवाइकांना पाठवायला एमपी३ करा.

आता आमची चूक सांगतो. पहिल्याच दिवशी आम्ही घाईघाईने आजीची कॅसेट लावली, तीही माइकच्या भोकात. आवाज फाटला म्हणून पुन्हा लावली, तर फीत प्लेयरमध्ये अडकून तुटली. फीत चिकटवता आली, पण चुरगळलेल्या भागातली ओवी गेली ती गेलीच. तेव्हा आधी प्लेयरचे हेड आणि रबरी चाक साफ करा आणि बाजारातल्या एखाद्या साध्या कॅसेटवर सराव करा. घरची कॅसेट सर्वांत शेवटी.

फाइल तयार झाली की दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि एक प्रत भारतात भावंडांकडे पाठवा.

मग मंडळी, या शनिवारी बेसमेंटमध्ये उतरायचे ना?