साडेआठ मीटर रुंदीचं घर

अ‍ॅमस्टरडॅमला निघालेल्या कुणी हॉटेलबद्दल विचारलं की मी आधी उलट प्रश्न टाकतो: बरोबर कोण आहे आणि त्यांचे गुडघे कसे आहेत? लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. पण कालव्याकाठच्या छोट्या, परवडणाऱ्या हॉटेलात कुठली खोली घ्यावी, हे बरंचसं १६१३ सालीच ठरून गेलंय.

झालं असं, की १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश फौजांच्या हाती पडलं आणि तिथले व्यापारी, कारागीर उत्तरेकडे सरकले. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली (हो, आपल्या वेंगुर्ल्यात जिच्या वखारीचे अवशेष आहेत, तीच). गाव माणसांनी आणि पैशांनी फुटायला आलं. मग १६१३ मध्ये शहराने जुन्या वस्तीभोवती हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त असे तीन कालवे आखून काठावरची जमीन प्लॉट पाडून विकायला काढली. हेरेनग्राख्तवरचा नमुन्याचा प्लॉट ३० फूट रुंद. फूटही अ‍ॅमस्टरडॅमी, म्हणजे आजच्या हिशोबात जेमतेम साडेआठ मीटर. मागे मात्र तो लांबच लांब. गडगंज लोकांनी दोन-दोन प्लॉट जोडून वाडे बांधले. बाकीच्यांची घरं अरुंद, खोल आणि उंच झाली.

बाकी सगळं या एका मापातून निघतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर चारशे वर्षांपूर्वीचं डिझाइन, वर नवा इंटरफेस :-)

रुंदी कमी, म्हणून जिन्याला जागा द्यायची नाही. म्हणून जिना जवळपास शिडीसारखा. मग सामान वर न्यायचं कसं? तर घराच्या शेंड्याला एक तुळई बाहेर काढलेली असते, तिला आकडा. त्यावरून दोर टाकून कपाटं आणि पोती खिडकीतून आत घ्यायची. सगळ्यात वरचा माळा पुष्कळदा मालाचं गोदाम असायचा. तेव्हा वेबसाइटवर 'टॉप फ्लोअर, कोझी रूम' दिसली की समजावं, इथे एकेकाळी माल ठेवत असत. आकडा अजून आहे, पण तुमची तेवीस किलोची बॅग तुम्हालाच चढवायचीय.

"मग लिफ्ट का नाही बसवत?" असं आमच्या बाबांनी विचारलं होतं. या भागातली खूपशी घरं राष्ट्रीय स्मारकं आहेत आणि २०१० पासून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे. आतली भिंत हलवायलाही परवानगी लागते. शिवाय साडेआठ मीटरांतून लिफ्टला जागा दिली तर प्रत्येक मजल्यावरची खोलीच कमी होणार. मोठ्या हॉटेलांनी वेगळा मार्ग काढला. पुलित्झर हॉटेल १९७० मध्ये सुरू झालं, आज ते शेजारशेजारची २५ घरं जोडून उभं आहे. त्याचं भाडं आपण वाचूनच सोडून देतो.

आईबाबांसाठी मी शेवटी अर्धतळघरातली खोली घेतली. पूर्वी तिथे स्वयंपाकघर आणि नोकरचाकर असत. उजेड कमी आणि खिडकीतून लोकांचे बूट दिसतात. पण चढायचं काहीच नाही, आणि भाडंही वरच्यापेक्षा कमी. आईला बुटांचीच जास्त गंमत वाटली.

मला स्वतःला मागच्या बाजूची खोली आवडते. कालवा दिसत नाही म्हणून ती स्वस्त मिळते आणि रात्री शांत असते. प्लॉट लांब असल्यामुळे पुढच्या घरामागे छोटं अंगण सोडून दुसरं घर बांधायची पद्धत होती. डचमध्ये त्याला 'आख्तरहाउस' म्हणतात, म्हणजे मागचं घर. रस्त्यावरून ते अजिबात दिसत नाही.

प्रिन्सेनग्राख्त २६३ चं मागचं घरही असंच. पुढे ऑटो फ्रँक यांच्या धंद्याचं ऑफिस आणि गोदाम, मागे पुस्तकांच्या कपाटाआड आठ माणसं. जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४. अ‍ॅनची डायरी १९४७ मध्ये छापली गेली, तिचं डच नावच 'मागचं घर' आहे. आठांपैकी एकटे ऑटो परत आले. पोटमाळ्यावरून अ‍ॅनला मागच्या बागेतलं चेस्टनटचं झाड दिसायचं. ते २०१० च्या ऑगस्टमध्ये वादळात पडलं. व्यापाऱ्याने जागा वाचवायला काढलेली युक्ती दोन वर्षं आठ जीव झाकून राहिली. मागची खोली घेतली की मला झोपायच्या आधी हे आठवतंच. नको असेल तर पुढची घ्या.

आता पैशांचं. २०२४ पासून पर्यटक कर भाड्याच्या १२.५ टक्के आहे आणि तो पहिल्या दिसणाऱ्या आकड्यात बऱ्याचदा नसतो. १ जानेवारी २०२६ पासून मुक्कामावरचा व्हॅटही ९ वरून २१ टक्के झाला. २०२४ मध्येच शहराने ठरवलं, की जुनं हॉटेल बंद झाल्याशिवाय नवं उघडायचं नाही. राहायला घर मिळत नाही म्हणून तिथली पोरं वैतागली आहेत, तेव्हा हे मला रास्त वाटतं, खिशाला चटका बसला तरी.

तरीही बजेट बसत नसेल तर योर्दान बघा. तेही १६१३ च्याच विस्तारातलं, पण कारागिरांसाठीचं. तिथे नवी आखणी करायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. जुन्या शेतांचे चर होते त्यांवरच गल्ल्या बसवल्या, म्हणून नकाशात तो भाग तिरका दिसतो. घरं आणखी लहान, जिने तसेच. नाहीतर सरळ हार्लेम गाठा. ट्रेनने वीसेक मिनिटं, आणि कालवे तिथेही आहेत.