शाळा कुरणात गेली तेव्हा

श्रोते हो, हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे रोजच गैरहजेरीची खूण पडू लागली, की आपण चटकन म्हणतो, "त्याला शिकायचंच नाही." पण शाळेची घंटा होते त्या वेळी ते मूल असते तरी कुठे? हे पाहायला गेलेल्या शिक्षिकांची हकीगत आज सांगतो.

साल १९४५. डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या जोडीने बालशिक्षणाचे काम केले होते. त्यांच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा, स्वतः जिद्दीने शिकलेल्या आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या.

बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. मग दोघींनी ठरवले, मुले येत नाहीत ना, तर आपणच जाऊ. वस्तीतल्या अंगणात मुले जमवायची, आधी हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागडी साधने कुठून आणायची? शंखशिंपले, चिंचोके, पाने आणि माती, हीच साधने झाली. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी!

१९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. भोवताली वारल्यांचे पाडे. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, अशी लग्नगड्याची चाल या मुलखात होती. १९४५ साली झरी येथे परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वारली उभे राहिले आणि वेठबिगारीचे जोखड त्यांनी झुगारले. पण जोखड गेले तरी पोटाची चिंता थोडीच जाते? घरातले मोठे माणूस मजुरीला गेले, की मुलाने गुरे राखायची आणि मुलीने धाकटे भावंड कडेवर घ्यायचे. अशा घराला "पोराला शाळेत धाडा" असे नुसते बजावून काय उपयोग?

कोसबादला या अडचणींवरच उपाय शोधले. गुराख्याला गुरे सोडून येता येत नाही ना? मग कुरणातच शाळा भरवली. ती कुरणशाळा. गुरे चरताहेत आणि राखणारी पोरे झाडाखाली अक्षरे गिरवताहेत! भावंडामुळे मुलगी अडते ना? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. हीच विकासवाडी.

पण हे काम एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून केंद्राने बालसेविका तयार केल्या. शिकवावे कसे, हे शिक्षकाला कळते. पण कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही, कोण रानात गेले, कुणाला ताप आहे, हे पाड्यात रोज पाऊल टाकणाऱ्यालाच ठाऊक असते. शिक्षकाजवळ पाटी असली, तरी मुलाच्या घरची वाट कार्यकर्त्याजवळ असते. दोघे एकत्र आले, तरच पाटी मुलाच्या हाती पडते.

ताराबाई १९७३ साली गेल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला हा शब्द देशभर गेला. अनुताई १९९२ पर्यंत होत्या. त्यांना तो पाहायला मिळाला.

गुरुजी, बाई, तुमच्याही पटावर अशी दोनचार नावे असतील. कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, कुणी वीटभट्टीवर. ती नावे खोडण्याआधी एक करा. गावातल्या तरुण मंडळातला एखादा मुलगा किंवा अंगणवाडीताई यांना सोबत घ्या आणि एका संध्याकाळी त्या घरी जा. "का आला नाहीस?" असे दरडावू नका. "तुला कधी जमेल?" एवढेच विचारा. कुरणशाळा याच प्रश्नातून निघाली होती.